‘ढोरांचा दवाखाना’ आणि पाळीव प्राण्यांच्या उपचारखर्चाचा प्रश्न : अड्याळ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, भंडारा-पवनी मार्गावर अड्याळ हे मोठे गाव आहे. धानाची शेती, तलाव, बैलजोडी, म्हशी आणि शेळ्या हे या परिसराचे जुने वैभव होय. पूर्व विदर्भातील अशा कोणत्याही गावात शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता विचारावयाचा असेल, तर पाटीवरील नाव उच्चारून काम भागत नाही. ‘ढोरांचा दवाखाना’ असे विचारले म्हणजे लहान मूलही वाट दाखविते. लोकांनी दिलेले हे नाव केवळ बोलीचा नमुना नाही. ही संस्था कोणासाठी निर्माण झाली याची ती नेमकी नोंद आहे. ढोर म्हणजे गाय, बैल, म्हैस. कुत्रा, मांजर यांचा त्यात समावेश नाही.

अलीकडील काळात पाळीव प्राण्यांच्या औषधोपचाराचा खर्च परवडत नाही, अशी तक्रार शहरांप्रमाणेच खेड्यांतूनही ऐकू येते. या तक्रारीचे खापर बहुधा खाजगी पशुवैद्यकांच्या शुल्कावर फोडले जाते. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या पशुवैद्यक व्यवस्थेने प्राण्याची किंमत त्याच्या उत्पादनक्षमतेवरून ठरविली. ज्या प्राण्याचे उत्पन्न मोजता येत नाही, त्याच्या उपचाराचा भार तिने संपूर्णपणे मालकावर सोडला. आजचा ‘महाग’ उपचार हा या जुन्या निवडीचा परिणाम आहे, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे.

परंपरेतील पशुचिकित्सा

प्राण्यांच्या उपचाराची जबाबदारी राज्यसंस्थेने घ्यावी हा विचार या भूमीला परका नाही. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यचिकित्सा आणि पशुचिकित्सा यांचा उल्लेख जोडीने येतो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी केलेल्या उत्खननात पवनी येथे स्तूपांचे अवशेष मिळाले आणि हा परिसर प्राचीन बौद्ध केंद्र असल्याचे सिद्ध झाले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिलालेखात प्राण्यांना पकडणे व मारणे यांस मनाई केलेली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अशोककालीन मानला. म्हणजेच प्राणिमात्रांविषयीची राजाज्ञा अड्याळच्या पंचक्रोशीपासून फार दूर नव्हती.

मध्ययुगात मात्र पशुवैद्यकाचे ज्ञान प्रामुख्याने पागेशी जोडले गेले. ‘शालिहोत्र’ या अश्वशास्त्राच्या परंपरेवरून घोड्यांच्या वैद्यास ‘सालोतरी’ ही संज्ञा रूढ झाली. घोडा हे लष्करी सामर्थ्याचे साधन असल्याने त्याचा वैद्य राज्याचा नोकर असे. गावातील बैलाचा उपचार मात्र गुराखी, वैदू आणि घरातील जाणती माणसे झाडपाला व डाग देऊन करीत. त्याचा मोबदला पैशात क्वचितच मोजला जाई. कुत्र्याला दत्तात्रेयाच्या व खंडोबाच्या परिवारात मानाचे स्थान होते. तथापि त्याच्या आजारासाठी स्वतंत्र जाणकार असल्याची परंपरा दिसत नाही. घोड्यासाठी राज्य, बैलासाठी गाव आणि कुत्र्यासाठी दैव, अशी ही विभागणी होती.

वसाहतकाल : घोडा आणि बैल

आधुनिक पशुवैद्यक शिक्षणाचा उगमही याच दोन प्राण्यांत आहे. १७६१ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे क्लोद बुर्जला याने जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय स्थापिले. त्यामागे अश्वविद्या आणि गुरांच्या साथी ही कारणे होती. भारतात १८६२ मध्ये पुणे येथे सुरू झालेले पशुवैद्यक विद्यालय लष्करी स्वरूपाचे होते. गुरांच्या साथींनी महसुलावर परिणाम होऊ लागला तेव्हा हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८७१ मध्ये आपला अहवाल सादर केला. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तिच्यापुढील सर्वांत मोठे आव्हान बुळकांडी या रोगाचे होते. १८९० नंतरच्या दशकात मुलकी पशुवैद्यक खाते आकारास आले. १९१९ च्या सुधारणांनंतर हा विषय प्रांतांकडे सोपविण्यात आला.

भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता. येथील धानशेती पूर्णतः बैल व हेल्यांच्या बळावर चालत असे. चिखलणीच्या दिवसांत बैल दगावला तर त्या वर्षीचे पीकच बुडे आणि कुटुंब सावकाराच्या दारी जाई. त्यामुळे सरकारी लस ही शेतकऱ्यासाठी आणि शेतसाऱ्यावर अवलंबून असलेल्या सरकारसाठीही हिताची होती. १९२६ मध्ये नेमलेल्या व १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगानेही पशुरोगांचा विचार शेतीचा एक भाग म्हणूनच केला. या दृष्टिकोनास दोष देता येणार नाही. दुष्काळ आणि साथींच्या त्या काळात मर्यादित साधने बैलासाठी वापरली जाणे स्वाभाविक होते. परंतु दवाखाना, औषधसाठा, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि नोंदवह्यांचे नमुने हे सर्व एकदा बैलाच्या मापाने बेतले गेले, की ते माप पुढे बदलणे कठीण होते.

मुंबईचा अपवाद : दानधर्माची परंपरा

याच काळात मुंबईत एक निराळा प्रवाह निर्माण झाला. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी आदेशाविरुद्ध मुंबईत, विशेषतः पारशी समाजात, मोठा उद्रेक झाला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ स्थापन झाली. १८७४ मध्ये प्राण्यांना होणाऱ्या क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था उभी राहिली. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या उदार साहाय्याने परळ येथे बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय १८८४ मध्ये सुरू झाले. त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होते.

या घटनाक्रमाचे महत्त्व असे की, ज्या प्राण्यांकडे सरकारचे लक्ष नव्हते त्यांची जबाबदारी व्यापारी समाजाच्या दानधर्माने उचलली. मात्र हे दान जेथे भांडवल होते तेथेच रुजले. मध्य प्रांतातील मालगुजारांनी तलाव बांधले, मंदिरे उभारली; पण परळसारखे रुग्णालय अड्याळ वा पवनीच्या वाट्याला आले नाही. हीच परंपरा पुढे चालवीत २०२४ मध्ये मुंबईतील महालक्ष्मी येथे टाटा समूहाच्या न्यासाचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. त्यासाठी सुमारे १६५ कोटी रुपये खर्च झाला. ही घटना स्वागतार्ह आहे. परंतु १८८४ प्रमाणेच २०२४ मध्येही दानाचा पत्ता मुंबईचाच राहिला, हे नोंदविणे आवश्यक आहे.

स्वातंत्र्योत्तर विस्तार व त्याच्या मर्यादा

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९५८ मध्ये नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाची अंमलबजावणी १ मे १९६२ पासून झाली आणि ग्रामीण दवाखान्यांची मोठी जबाबदारी जिल्हा परिषदांकडे आली. पशुवैद्यकीय अधिकारी असलेले श्रेणी-१ चे आणि पशुधन पर्यवेक्षकांवर चालणारे श्रेणी-२ चे दवाखाने अशी रचना दीर्घकाळ प्रचलित राहिली. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले.

या व्यवस्थेचे यश लहान नाही. १९५४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर हाती घेतलेल्या मोहिमेतून बुळकांडीचे निर्मूलन झाले. २००६ मध्ये भारत व २०११ मध्ये संपूर्ण जग त्या रोगापासून मुक्त घोषित झाले. मानवाच्या देवी रोगानंतर जगातून नाहीसा झालेला हा दुसरा रोग होय. गावोगावी बैलांना टोचणी देत हिंडणाऱ्या अनाम कर्मचाऱ्यांचा त्यात मोठा वाटा आहे. सार्वजनिक खर्चातून केलेला प्रतिबंध खाजगी उपचारापेक्षा किती स्वस्त पडतो, याचा इतका निर्विवाद पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

तथापि नियोजनाची परिभाषा बदलली नाही. १९७६ च्या राष्ट्रीय कृषी आयोगाने दर ५,००० पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा असे सुचविले. ‘पशुघटक’ हे माप मुळात गुरांचे आहे. पशुगणनेची परंपरा १९१९-२० पासूनची आहे. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशातील पशुधन ५३.५८ कोटी भरले. या आकड्यात गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरे, घोडे, उंट, याक यांचा अंतर्भाव आहे, कुत्र्यांचा नाही. त्याच गणनेत भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १.५३ कोटी आढळली; पण ती ‘धना’च्या बाहेर राहिली. जे धन नाही, त्यासाठी तरतूदही स्वतंत्रपणे होत नाही.

विमा आणि कर यांतही हीच रेषा आढळते. केंद्र शासनाची पशुधन विमा योजना २००५-०६ मध्ये शंभर जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, ती संकरित व अधिक दूध देणाऱ्या गाई-म्हशींसाठी. पुढे तिची व्याप्ती शेळ्या-मेंढ्यांपर्यंत वाढली. २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी १३,३४३ कोटी रुपयांचा पूर्णतः केंद्रपुरस्कृत कार्यक्रम जाहीर झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्याची सेवा करमुक्त ठेवण्यात आली, ही समाधानाची बाब होय. परंतु गुरांची पेंड व खाद्य करमुक्त राहिले असता कुत्र्या-मांजरांच्या वेष्टनबंद खाद्यावर १८ टक्के कर बसला. एक प्राणी उपजीविकेचे साधन मानला गेला, दुसरा हौस मानला गेला.

खर्चाची घडण : अड्याळहून पाहताना

आता प्रत्यक्ष खर्चाकडे वळू. समजा, अड्याळ येथील एका मजूर कुटुंबाच्या कुत्र्याचा पाय वाहनाखाली सापडून मोडला. गावपातळीवरील दवाखान्यात जखमेवर मलमपट्टी व वेदनाशामक इंजेक्शन नाममात्र शुल्कात मिळू शकते. परंतु हाड कोठे मोडले हे पाहण्यास क्ष-किरण तपासणी लागते. शस्त्रक्रियेसाठी भूल, टेबल, शल्यविशारद आणि नंतरची देखरेख लागते. त्यासाठी भंडारा आणि तेथेही सोय न झाल्यास सुमारे ऐंशी किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. जखमी कुत्रा घेऊन प्रवासी गाडीत सहज बसता येत नाही. म्हणून वाहन भाड्याने करावे लागते. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. फेरतपासणीच्या प्रत्येक फेरीला तो दर हातचा जातो. याचा अर्थ असा की, डॉक्टरच्या टेबलापाशी पोहोचण्यापूर्वीच खर्चाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. शहरातील मालकाला उपचार महाग वाटतो. खेड्यातील मालकाला अंतर महाग पडते.

येथे खाजगी पशुवैद्यकाची बाजूही समजून घेणे न्याय्य ठरेल. यंत्रसामग्री, लसींची शीतसाखळी, जागेचे भाडे आणि सहायकांचे वेतन हा सर्व खर्च त्यास रुग्णांच्या शुल्कातूनच भरून काढावा लागतो. माणसाच्या उपचारातही हा खर्च असतोच. फक्त तो आपल्याला दिसत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. त्यामुळे ज्या मजुराच्या स्वतःच्या मोडलेल्या हाताचा क्ष-किरण शासकीय रुग्णालयात पैसे न देता निघतो, त्यालाच कुत्र्याच्या पायासाठी पूर्ण किंमत मोजावी लागते. प्राण्यांचा उपचार अवाजवी महाग असतोच असे नाही. उपचाराची खरी किंमत सामान्य माणसास तेथे प्रथमच उघडपणे भेटते.

‘हौस’ की गरज?

ज्या राज्यात शेतकऱ्यांपुढे अनेक संकटे आहेत तेथे कुत्र्या-मांजरांसाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो दुर्लक्षणीय नाही. त्यास तीन उत्तरे संभवतात.

पहिले असे की, खेड्यात ‘लाडका प्राणी’ आणि ‘कामाचा प्राणी’ ही सीमारेषा पुसट असते. अड्याळ परिसरातील कुत्रा शेळ्या राखतो, धानाच्या बांधीत शिरणाऱ्या रानडुकरांची चाहूल देतो आणि रात्री घर सांभाळतो. त्याचे उत्पन्न लिटरात मोजता येत नाही, एवढेच. दुसरीकडे, ज्या बैलासाठी ही व्यवस्था उभी राहिली तो झपाट्याने कमी होत आहे. २०१२ ते २०१९ या काळात देशातील नर गोवंशाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतली. दवाखान्याचा पाया तोच राहिला.

दुसरे उत्तर रेबीजचे आहे. माणसास होणारा रेबीज ९९ टक्के प्रकरणांत कुत्र्यांमुळे होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पाश्चरने १८८५ मध्ये लस यशस्वी केली. भारतात कसौली येथे १९०० मध्ये व कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था स्थापन झाल्या. जुनी, पोटात टोचावी लागणारी मज्जाऊतींची लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आज चावा घेतलेल्या माणसास शासकीय रुग्णालयात लस मोफत मिळते. मात्र तो चावा धोकादायक होऊ नये म्हणून कुत्र्यास द्यावयाची लस मुख्यतः मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहते. २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी मोफत शिबिरे होतात, हे खरे. पण रोग दिनविशेष पाहून येत नाही. २०२१ मध्ये केंद्र शासनाने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनाचा कृती आराखडा जाहीर केला. त्यातील ७० टक्के कुत्र्यांच्या लसीकरणाचे लक्ष्य मालकांच्या खिशावर विसंबून गाठता येणार नाही.

तिसरे उत्तर वनांशी निगडित आहे. पवनी तालुक्यास लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. त्याची घोषणा २०१२ मध्ये झाली. जंगलालगतच्या गावांतील कुत्रे वन्य मांसभक्षकांच्या संपर्कात येतात. २०१८ मध्ये गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांपैकी काहींच्या मृत्यूशी ‘कॅनाइन डिस्टेंपर’ या विषाणूचा संबंध आढळला. कुत्र्यांमध्ये या रोगावर प्रतिबंधक लस सर्वत्र प्रचलित आहे. पण ती मालकाला विकत घ्यावी लागते. वाघ पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकाकडून शुल्क घ्यावयाचे आणि त्याच वाघाच्या आरोग्याचा एक दोर मजुराच्या हाती सोडून द्यावयाचा, हा व्यवहार तर्कास धरून नाही.

अन्य देशांचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. लंडनमधील व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत मारिया डिकिन यांनी १९१७ मध्ये गरिबांच्या प्राण्यांसाठी मोफत दवाखाना उघडला. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सुरू झालेले हे कार्य पुढे देशव्यापी झाले. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा १९२४ पासून उपलब्ध आहे. याच ब्रिटनमध्ये २०१३ साली सुमारे १० टक्के पशुवैद्यकीय दवाखाने मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे होते. दशकभरात ते प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेले. वाढत्या शुल्कांच्या तक्रारींमुळे तेथील स्पर्धा नियामकाने २०२४ मध्ये औपचारिक चौकशी सुरू केली. दान, विमा व बाजारपेठ हे तिन्ही मार्ग असलेल्या देशातही प्रश्न सुटलेला नाही. ज्या गावी यांपैकी एकही मार्ग धडपणे पोहोचला नाही, तेथील मालकाची स्थिती यावरून कळून येते.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. आपली पशुवैद्यक व्यवस्था घोडा व बैल यांच्या उपयुक्ततेतून घडली आणि गणना, विमा, कर व नियोजन यांत तीच दृष्टी कायम राहिली. या दृष्टीबाहेरील प्राण्यांसाठी मुंबईत दानधर्म पुढे आला. पूर्व विदर्भातील खेड्यांत ती जागा रिकामी राहिली व ती अपुऱ्या खाजगी सेवेने भरली. परिणामी उपचाराच्या शुल्कापेक्षा अंतर, बुडालेली मजुरी आणि निदानाच्या सोयींचा अभाव हेच ग्रामीण मालकाच्या खर्चाचे मुख्य घटक ठरले.

यावर मोफत सर्वोपचार हा व्यवहार्य मार्ग नव्हे. परंतु रेबीज व डिस्टेंपर यांच्या लसी सार्वजनिक आरोग्याचा भाग मानून वर्षभर गावपातळीवर उपलब्ध करणे, क्ष-किरण व शस्त्रक्रियेची सोय तालुक्याच्या ठिकाणी आणणे, ‘१९६२’ या दूरध्वनी क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकांच्या सेवेत लहान प्राण्यांच्या उपचारास निश्चित स्थान देणे आणि दरपत्रक दर्शनी भागी लावणे, एवढे सहज साध्य आहे. महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून कुत्र्यांची गणना व लसीकरण करता येईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना गावातील जुन्या दवाखान्यांच्या नोंदवह्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी संकलित करता येतील. हे साहित्य वेळीच जपले नाही तर वाळवीच्या मुखी जाईल.

पोळ्याच्या दिवशी आपण बैलाला सजवितो, त्याच्या पाया पडतो. ती कृतज्ञता बुळकांडीच्या लसीच्या रूपाने एकदा सार्वजनिक धोरणात उतरली, म्हणून बैल वाचला. दाराशी रात्रभर जागणाऱ्या मुक्या प्राण्याच्या बाबतीत ते पाऊल अद्याप पडावयाचे आहे. ते पडले, तर ‘ढोरांचा दवाखाना’ हे नाव लोक कदाचित आपणहून बदलतील.